जनरेटर तापतो तेव्हा

उन्हाळी कामांचे दिवस आलेत. गच्चीवर कुरडया वाळतायत, घराघरांत वर्षाचं तिखट-मसाला करून ठेवायची गडबड चालू आहे, आणि नेमकी याच दिवसांत दुपारची लाईट जाते. ज्या गटांची पिठाची गिरणी आहे, मसाला कांडप आहे, शेवयांचं यंत्र आहे, त्यातल्या बऱ्याच जणींनी जनरेटर घेतलाय, नाहीतर घ्यायच्या विचारात आहेत. म्हणून आज आपण बोलणार आहोत जनरेटरचं इंजिन तापतं का, आणि तापलं तर काय बघायचं, याबद्दल.

तुम्ही म्हणाल, हे मेस्त्रीचं काम, बायकांनी त्यात काय बघायचं? आम्हीही असंच म्हणत होतो. त्यापायी गेल्याच्या गेल्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये अकरा दिवस आमचं कांडप बंद राहिलं आणि साडेअठरा हजार रुपये गेले. ते कसे गेले तेच आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या गटाचा जनरेटर १५ केव्हीएचा, तीन सिलिंडरचा, पाण्यावर थंड होणारा. त्यावर १० एचपीची गिरणी आणि ३ एचपीचं कांडप चालतं. त्या एप्रिलमध्ये दुपारी एक-दीडच्या सुमाराला इंजिन आपोआप बंद पडायला लागलं. पॅनेलवर तापमानाचा लाल दिवा लागायचा. अर्धा-पाऊण तास थांबलं की परत सुरू व्हायचं आणि परत बंद पडायचं. बाहेर मिरच्यांची गाठोडी घेऊन बायका बसलेल्या. कुणी सकाळची पहिली एसटी धरून आलेली, कुणाचं लेकरू मांडीवर. आम्ही फोन केला तेव्हा पलीकडून सांगितलं गेलं, "त्या सेन्सरमध्येच गडबड असंल, त्याची वायर काढून टाका, चालतंय." आम्ही वायर काढली. इंजिन चालू राहिलं, आम्हाला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी रेडिएटरच्या टोपणातून वाफेचा फवारा उडाला, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि इंजिनाचा आवाजच बदलला. हेड उचलल्यावर कळलं की हेडचं पॅकिंग जळालं होतं आणि हेड वाकलं होतं.

आणि मूळ कारण काय निघालं? दोन कारणं, दोन्ही फुकटात दूर होण्यासारखी. ती पुढे येतीलच.

आधी इंजिन तापतं कशामुळे ते बघू. डिझेल जळून जेवढी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा आपल्या कामाला येतो, म्हणजे गिरणी फिरवायला. तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो. उरलेला साधारण तिसरा हिस्सा इंजिनाच्या अंगात राहतो आणि तो बाहेर काढावाच लागतो. हे काम पाणी करतं. सिलिंडरच्या भोवती पोकळी असते, तिला जॅकेट म्हणतात. त्यात पाणी खेळतं, गरम होतं, वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या. पंखा त्यातून हवा मारतो, पाणी निवतं आणि खालच्या नळीतून परत इंजिनात जातं. हे सगळं फिरवायला एक छोटा पंप असतो. बऱ्याच इंजिनांत तो पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालतो.

म्हणजे बघा, गोष्टी चारच आहेत. पाणी पुरेसं हवं, ते फिरायला हवं, रेडिएटरमधून हवा जायला हवी, आणि इंजिनावर झेपेल एवढंच काम टाकायला हवं. इंजिन तापलं की या चारपैकी कुठेतरी अडलेलं असतं. कुठे, ते शोधायचं.

पण शोधण्याआधी जिवाची गोष्ट. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. कुकरची शिट्टी पडल्याशिवाय झाकण काढायचं नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि हे टोपण म्हणजे कुकरच आहे. त्यावर ०.९ सारखा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांना उकळत नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपण उघडलं की दाब एकदम जातो आणि ते सगळं पाणी क्षणात उसळून वाफ होतं, थेट तोंडावर आणि छातीवर. आमच्यातल्या एका काकूंच्या हातावर अजून डाग आहे. त्यांनी नुसतं "बघते पाणी हाय का" म्हणून टोपण फिरवलं होतं.

इंजिन बंद करून निदान तासभर तरी थांबायचं. रेडिएटरच्या वरच्या भागाला हात सहज ठेवता आला, तरच जाड गोणपाटाची घडी टोपणावर ठेवून, तोंड लांब करून, अर्धा फेरा फिरवायचा. सूं आवाज आला तर तसंच थांबायचं. आवाज पूर्ण बंद झाल्यावर टोपण दाबून काढायचं. आणि कुणाला भाजलंच, तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना गाठायचा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

दुसरं, गरम इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की तो कसा चरचरतो? तिथे तवा वाचतो, पण बिडाचं हेड चिरतं. तिसरं, पदर, ओढणी, वेणी. पंखा आणि पट्टा फिरत असताना त्यांच्या जवळ जायचं नाही. आमच्याकडे इंजिनाजवळ जाणारीने पदर खोचायचा, वर एप्रन घालायचा आणि केसांचा अंबाडा करायचा, असा नियमच आहे. आणि जनरेटर बंद खोलीत कधीच चालवायचा नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातं.

लाल दिवा लागला किंवा काटा वर चढायला लागला की पहिल्यांदा भार काढायचा. गिरणी, कांडप बंद करा, जनरेटरचा मुख्य स्विच पाडा आणि इंजिन तीन-चार मिनिटं रिकामं चालू द्या. पाणी फिरत राहतं आणि आतली उष्णता हळूहळू निघते. मात्र पट्टा तुटलाय, पाणी गळून गेलंय किंवा वाफ यायला लागली आहे, असं दिसलं तर एक क्षणही चालू ठेवायचं नाही, तिथल्या तिथे बंद.

आता शोध. सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: इंजिन तापतं कधी? चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापत असेल, तर बहुधा पाणी कमी आहे किंवा पाणी फिरतच नाही. सकाळी बरं चालतं, दुपारी भरपूर काम असताना तापतं, असं असेल तर हवा अडली आहे, रेडिएटर चोंदलाय किंवा भार जास्त आहे. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं. हा साधा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला असता तर सेन्सरवर संशयच आला नसता. खराब सेन्सरला सकाळ-दुपार कळत नाही.

तर आमची पहिली चूक रेडिएटरची. आम्ही रोज रेडिएटर बघत होतो आणि तो स्वच्छ दिसत होता! बाहेरून जाळी लख्ख. पण जनरेटरच्या बहुतेक इंजिनांत पंखा हवा आतून बाहेर ढकलतो. म्हणजे हवा इंजिनाच्या बाजूने रेडिएटरमध्ये शिरते आणि बाहेर पडते. मग धूळ कुठे बसणार? आतल्या तोंडाला, पंख्याच्या बाजूला, जिथे आपली नजर जात नाही. मेस्त्रींनी पंख्यावरचं कव्हर काढलं तेव्हा आतल्या बाजूला पिठाचा, मिरचीच्या सालीचा आणि तेलकट काजळीचा गोधडीसारखा थर जमलेला होता. बोटाने सोलून निघाला.

तुमचा पंखा कुठल्या दिशेने हवा मारतो ते बघायला एक सोपी युक्ती आहे. इंजिन चालू असताना बाहेरून, सुरक्षित अंतरावरून, जाळीसमोर एका काठीला बांधलेली कापडाची चिंधी धरा. चिंधी बाहेर उडाली तर हवा आतून बाहेर येते आणि कचरा आतल्या बाजूला बसतो. जाळीकडे ओढली गेली तर उलटं. साफ करताना हवेच्या उलट दिशेने करायचं, म्हणजे अडकलेलं जिकडून आलं तिकडेच परत निघतं. नाहीतर आपण तोच कचरा आणखी खोल ठोकून बसवतो.

आणि गिरणीवाल्या मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. पीठ बसलेल्या रेडिएटरवर आधी पाणी मारायचं नाही. पिठात पाणी घातलं की काय होतं हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? कणीक होते आणि पाकळ्यांमध्ये वाळून बसते. आधी इंजिन पूर्ण थंड करायचं, बॅटरीची वायर सोडायची. मग मऊ ब्रशने आणि हवेने कोरडंच झाडून काढायचं. पंक्चरच्या दुकानातली हवा चालते, पण नळी लांबून धरायची. नंतर राहिलेल्या तेलकट थरावर कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी शिंपडून, थोडं भिजू देऊन, साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं. वीज तयार होते तो भाग, म्हणजे अल्टरनेटर, आणि पॅनेल प्लॅस्टिकने घट्ट झाकून ठेवायचं, आणि सगळं सुकल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या आडव्या पडतात, मग हवेची वाटच बंद होते.

दुसरी चूक आणखी आमची स्वतःची. रेडिएटरमधून निघणारी गरम हवा मिरच्या घेऊन रांगेत बसलेल्या बायकांच्या अंगावर यायची. आधीच ऊन, त्यात मिरचीचा खाट, त्यात ही झळ. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही होळीच्या सुमारास रेडिएटरसमोर दोन फुटांवर एक पत्रा उभा केला. बायकांना बरं वाटलं. पण गरम हवा पत्र्यावर आपटून परत जनरेटरच्याच बाजूला फिरायची आणि इंजिन तीच तापलेली हवा पुन्हा आत ओढायचं. बाहेर ४२ अंश असताना इंजिनाला त्याहून कितीतरी गरम हवा मिळत होती. चुलीवर चढवलेलं पाणी चुलीवरच ठेवून निवायची वाट बघावी, तसला प्रकार. पत्रा काढला. आता रांग कडुनिंबाखाली बसते आणि तोच पत्रा तिथे डोक्यावर सावलीला लावलाय.

जागेचं आणखी एक. ज्यांचा जनरेटर पत्र्याच्या पेटीत आहे, त्यांनी तापतोय म्हणून पेटीची दारं उघडी टाकून चालवायचा नाही. ऐकायला उलटं वाटतं. पण पेटीत हवा एका बाजूने येऊन अल्टरनेटरवरून, इंजिनावरून रेडिएटरमधून बाहेर जाईल असा रस्ता आखलेला असतो. मध्येच दार उघडलं की हवा जवळचा रस्ता धरते आणि जिथे जायला हवी तिथे जात नाही. आणि हवा घेणारं तोंड गिरणीच्या खोलीकडे नसावं. आमचं होतं, म्हणून तर पीठ आत गेलं.

आता पाण्याकडे येऊ. इंजिन थंड असताना, रोज सकाळी, चालू करायच्या आधी पाणी बघायचं. बाजूला प्लॅस्टिकची बाटली असेल तर तीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात. पण नुसत्या बाटलीवर विसंबू नका. आठवड्यातून एकदा टोपण काढून रेडिएटर काठोकाठ भरलाय ना ते बघा. बाटलीत पाणी आणि रेडिएटर रिकामा, असं टोपण खराब असल्यावर होतं. टोपणाच्या आतला रबर कडक झालाय का, स्प्रिंग दाबली जाते का, मधली छोटी झडप हलते का, एवढं बघितलं तरी पुरे. टोपण बदलताना त्यावरचा आकडा जुन्यासारखाच घ्यायचा. आमच्या बाजारात कुठलंही टोपण "बसतंय की" म्हणून देतात. बसतं, पण दाब धरत नाही.

सेन्सरबद्दलची एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी खाली गेलं की तो कोरड्या हवेत लटकतो आणि काही वेळा इंजिन जळत असताना तो गप्प राहतो. म्हणून काटा ठीक दाखवतोय आणि तरीही इंजिनाला करपल्यासारखा वास येतोय, आवाज जड झालाय, तर विश्वास वासावर ठेवा. आणि सेन्सरची वायर काढायची नाही. इंजिनप्रमाणे तो साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान इंजिन बंद पाडतो, त्याचं कामच ते. आम्ही वायर काढली नसती तर आम्हाला फक्त दुपारची सुट्टी मिळाली असती.

पाणी कमी होत असेल तर ते जातंय कुठे ते शोधायचं. नळ्यांच्या क्लिपांखाली, रेडिएटरच्या सांध्यांवर पांढरे किंवा हिरवट ओघळ दिसतात. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. त्यातून थेंब पडत असेल तर पंपाचं आतलं सील गेलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, गळती कळावी म्हणून. त्यात काडी किंवा एमसील ठोकून बंद केलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंपच बसतो. बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी तर कमी होतंय, मग ते आत जातंय. ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑईलमध्ये मिसळलंय, इंजिन चालूच करू नका. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल किंवा थंड इंजिन चालू केल्या केल्या वरची नळी लगेच दगडासारखी कडक होत असेल, तर हेडचं पॅकिंग गेल्याची खूण. इथे आपलं काम संपलं, मेस्त्रींना बोलवा.

आणि कुठलं पाणी घालायचं? आपल्या भागात बोअरचं पाणी किती जड असतं ते बंब बघितला की कळतं. दोन वर्षांत आत चुन्याचा पांढरा थर. अंघोळीचं पाणी तापायला मग दुप्पट लाकूड लागतं, कारण तो थर उष्णता अडवतो. इंजिनाच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हेच होतं, फक्त ते दिसत नाही. म्हणून बोअरचं पाणी घालायचं नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून घालायचं. तयार मिसळलेलंही मिळतं, त्यात वर पाणी घालायचं नाही. कूलंटमुळे गंज आणि क्षार धरत नाही आणि पाणी उकळायला आणखी वेळ लागतो. महाग वाटतं खरं, पण आम्ही दोन्ही बिलं भरून बघितली आहेत. वेगवेगळ्या रंगांचे कूलंट एकमेकांत मिसळू नका, काहींचा आत चिखल होतो. अडीअडचणीला बोअरचं पाणी घातलंच, तर वहीत लिहून ठेवा आणि हंगाम संपल्यावर सगळं काढून, धुऊन नवीन भरा.

कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड असतं. म्हणून काढलेलं कूलंट उघड्या बादलीत, नालीत, अंगणात सोडायचं नाही. शेळी, कुत्रं, वासरू चाटतं, लहान मूलही तोंड लावतं. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, कुलपात ठेवा आणि गॅरेजवाल्याकडे द्या. रिकाम्या डब्यात कधीही तेल किंवा पाणी भरू नका. कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डबा बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा.

पाणी आहे, पण फिरत नाही, असंही होतं. इंजिन बंद करून पट्टा बघा. भेगा, तेल, चकाकी आली आहे का? दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर घसरतो, पंखा आणि पंप दोन्ही हळू फिरतात. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग खातो. पट्ट्याचा नंबर भिंतीवर रंगाने लिहून एक जादा पट्टा खिळ्याला टांगून ठेवा, तालुक्याला जायला यायला अर्धा दिवस जातो.

इंजिन तापलेलं असताना बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर, वरच्या आणि खालच्या नळीला हाताचा मागचा भाग नुसता टेकवून बघा. वरची कढत आणि खालची जवळजवळ थंड असेल, तर पाणी रेडिएटरमधून जात नाही, आतल्या नळ्या चोंदल्यात किंवा पंप ओढत नाही. दोन्ही कढत असतील तर पाणी फिरतंय, पण निवत नाही, म्हणजे परत हवेकडे, पंख्याकडे आणि जाळीकडे जा. इंजिन तापलंय आणि वरची नळीसुद्धा थंडच आहे, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संशय घ्यायचा, अर्थात पाणी भरलेलं आहे याची खात्री करून.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद असतो, म्हणजे ते लवकर गरम होतं. पाणी ठरावीक तापमानाला आलं की उघडतो. आकडा त्यावरच कोरलेला असतो, बऱ्याचदा ७१ किंवा ८२. मेस्त्रींनी तो काढून दिला की त्याची परीक्षा आपण घरी घेऊ शकतो. त्याच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत धरायचा आणि पातेलं गॅसवर ठेवायचं. पाणी उकळायच्या आत फट उघडून दोऱ्यातून तो सुटून खाली पडला पाहिजे. पाणी खळखळ उकळलं तरी दोऱ्याला धरूनच असेल, तर टाकून द्या. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. आमच्या एका मावशींनी ही परीक्षा गटाच्या मीटिंगमध्ये करून दाखवली, तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. थर्मोस्टॅट काढूनच टाका असा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. इंजिन मग नीट गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला न जाता जवळच्या वाटेने आतल्या आत फिरत राहतं आणि ते आणखी तापतं.

राहिला भार. १५ केव्हीए म्हणजे १५ किलोवॅट नव्हे, ०.८ ने गुणायचं, म्हणजे १२ किलोवॅट. १० एचपीची गिरणी पूर्ण ताकदीने चालते तेव्हा साधारण साडेआठ किलोवॅट ओढते, ३ एचपीचं कांडप अडीच ते पावणेतीन. बेरीज सव्वाअकरा. कागदावर बसतं, पण भर उन्हात, धान्य जरा ओलसर असलं आणि चक्की जड चालली की इंजिन आपल्या हद्दीवरच असतं. म्हणून दुपारी एक ते चार आम्ही दोन्ही एकत्र चालवत नाही. सकाळी दळण, दुपारी फक्त कांडप. रांगेतल्या बायकांना फळ्यावर वेळ लिहून दिली, सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झाली. सुरू करताना आधी मोठी मोटर, ती स्थिर झाली की लहान. मोटर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या पाच-सात पट ओढते. म्हणून मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर हवाच.

ऑईल कमी असलं तरी इंजिन तापतं, ती पट्टी रोज बघायचीच. इंजेक्टर, टायमिंग वगैरे आपल्या हाताबाहेरचं आहे, ते मेस्त्रींवर सोडावं.

मागच्या वेळी हा विषय जाहीर केला तेव्हा दोन गटांनी विचारलं होतं. एकांकडे रेडिएटर नसलेलं, हवेवर थंड होणारं इंजिन आहे. त्यांनी सिलिंडरवरच्या पाकळ्यांतली धूळ काढायची आणि त्यावरचं पत्र्याचं आवरण "अडचण होते" म्हणून काढून ठेवायचं नाही, त्या आवरणामुळेच हवा पाकळ्यांतून जाते. दुसऱ्यांकडे जुनं, पिंपाला जोडलेलं इंजिन आहे. ज्या पिंपात पंप नसतो, गरम पाणी आपणहून वर चढून फिरतं, तिथे पिंपातलं पाणी वरच्या नळीच्या तोंडाच्या वर हवं. पाणी त्या तोंडाखाली गेलं की फिरणंच थांबतं, मग पिंप अर्धं भरलेलं असलं तरी उपयोग नाही.

आमच्या गिरणीत आता खिळ्याला एक वही टांगलेली आहे. रोज ज्या दोघींची पाळी, त्या तारीख, किती तास चाललं, पाणी किती घातलं, ऑईल किती, दुपारी दोनला काटा कुठे होता, हे लिहितात. एरवी ८० ते ९० वर राहणारा काटा आठवडाभर ९३, ९४ दाखवायला लागला की रविवारी रेडिएटर झाडायचा. गेल्या हंगामात तो दोनदा झाडावा लागला. वहीचं पान कसं आखायचं ते कुणाला हवं असेल तर गटाच्या मासिक मीटिंगला या, आम्ही कोरी पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत. पुढच्या भागात कांडपाच्या मोटरबद्दल बोलू, तिच्या बेअरिंगचे प्रश्न बऱ्याच जणींनी पाठवले आहेत.